फ्रिजच्या भिंतीतलं भोक

या मालिकेत मी एरवी लढाया, पूल, तोफा आणि रेल्वे यांच्याबद्दल बोलतो. आज एका भोकाबद्दल बोलणार आहे. पाऊण इंचाच्या भोकाबद्दल.

झालं असं की गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याचा इंग्लंडहून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. जुना, पांढरा, कंबरेएवढा फ्रिज. त्याच्या उजव्या अंगावर काळ्या मार्करने एक गोल काढलेला, आणि खाली प्रश्न : "मामा, इथे ड्रिल मारू का?" मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याला सरळ फोन लावला. पहिलं वाक्य, "ड्रिल आधी खाली ठेव." दुसरं, "कशासाठी हवंय भोक?"

भाचा घरी बिअर करतो. तिथे तो कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. भारतात दारूचे कायदे राज्याराज्यांचे वेगळे असले तरी परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं गुन्हा आहे, आणि गुजरात, बिहारमध्ये राहणाऱ्या मराठी श्रोत्यांना तर मी काही सांगायलाच नको. त्यामुळे ही पाककृती समजू नका. पण त्या फ्रिजमध्ये दोन तारा कुठून न्यायच्या, या साध्या प्रश्नाच्या मागे मागे गेलो तर आपण थेट १८७०च्या दशकातल्या म्युनिकमध्ये पोचतो. आपल्या स्वयंपाकघरातला फ्रिज ज्या यंत्रविद्येतून आला, तिला सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मिळालं ते बिअरवाल्यांचं. दूध, भाजी, आइस्क्रीम नंतर आले.

आधी फ्रिज कशाला लागतो ते बघू. मोड आणून भाजलेली बार्ली गरम पाण्यात भिजवून गोड रस काढतात, तो हॉप्स घालून उकळतात, गार करतात आणि त्यात यीस्ट टाकतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि उष्णताही सोडतं. इडलीचं पीठ रात्रभर फुगून आलं की भांड्याला हात लावून बघा, कधी कधी किंचित कोमट लागतं. तोच प्रकार. भाच्याचं पिंप तेवीस लिटरचं. त्यात साधारण दीड किलो साखर फसफसते. मी जुन्या सवयीने कागदावर हिशेब मांडला. ही सगळी उष्णता आतच कोंडली तर रस नऊ-दहा अंशांनी तापेल. आणि तीन दिवसांत विभागली तर सरासरी निघते तीन-चार वॅट. एका बारक्या एलईडी दिव्याएवढी! पण तेवढ्यानं बिघडतं. अठरा-वीस अंशांवर नेमस्त काम करणारं यीस्ट सव्वीसवर गेलं की घाईघाईत नको ते पदार्थ तयार करतं. बिअरला नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. उलट इंग्लंडच्या जानेवारीत गॅरेजमध्ये पारा चार अंशांवर आला की यीस्ट झोपी जातं.

म्हणून फ्रिज. पण फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट चार-पाच अंशांसाठी असतो, अठरासाठी नाही. तेव्हा बाहेर दुसरा थर्मोस्टॅट लावायचा, त्याचा सेन्सर आत न्यायचा, पिंपाच्या अंगाला चिकटवायचा. गरम झालं की फ्रिज चालू, फार गार झालं की आत ठेवलेला छोटा हीटर चालू. म्हणजे सेन्सरची एक तार आणि हीटरची एक केबल, अशा दोन वस्तू भिंतीच्या पलीकडे गेल्या पाहिजेत. आणि फ्रिजच्या भिंतीचं काम तर कशालाही आरपार जाऊ न देण्याचं. भांडण इथेच आहे, आणि ते फार जुनं आहे.

बव्हेरियात १५५३ साली तिथल्या ड्यूकने हुकूम काढला : २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर गाळायची नाही. अनुभवाने कळलं होतं की उन्हाळ्यात केलेली बिअर नासते. का नासते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १५१६च्या त्यांच्या प्रसिद्ध शुद्धतेच्या नियमात बार्ली, हॉप्स आणि पाणी आहे, यीस्टचं नाव नाही. तर हिवाळ्यात बिअर करायची, डोंगराच्या पोटात तळघरं खोदून तिथे भरायची, गोठलेल्या तळ्यांवरून बर्फाच्या लाद्या कापून आणून शेजारी रचायच्या. तळघरावर सावली पडावी म्हणून वर चेस्टनटची झाडं लावायची. म्युनिकच्या बिअर गार्डनमधली ती दाट झाडं मुळात शोभेची नव्हेत, ते त्या काळचं इन्सुलेशन होतं.

पिंपाच्या आत पहिली शिरली ती काच. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये काही जण बिअर करताना थर्मामीटर वापरू लागले. मायकेल कोम्ब्रून नावाच्या गृहस्थाने १७५८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पण जुन्या कारागिरांचा त्यावर विश्वास नव्हता. हात बुडवून, वाफ बघून अंदाज घ्यायचा ही त्यांची पिढीजात रीत. जेम्स बॅव्हरस्टॉक नावाच्या तरुण ब्रुअरबद्दल सांगतात की त्याला वडिलांपासून थर्मामीटर लपवून वापरावा लागे. मला हे वाचून हसू आलं नाही. वर्कशॉपमध्ये मी दोन्ही बाजूंनी हे भांडण पाहिलंय. मीटर दाखवणारा तरुण अधिकारी आणि "साब, आवाज सुनिए" म्हणणारा जुना मिस्त्री. त्यात कोण बरोबर असतो यावर पुढे येतो.

काचेनंतर शिरला पाइप. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज ब्रुअर आंबवण्याच्या टाकीत तांब्याच्या पाइपचं वेटोळं सोडून त्यातून विहिरीचं गार पाणी खेळवू लागले. म्हणजे मोजायची सोय झाली आणि थोडीफार आवरायचीही.

१८३३ साली म्युनिकचा गाब्रिएल सेडलमायर आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा आंटोन ड्रेहर हे दोन तरुण इंग्लंड-स्कॉटलंड पाहायला गेले. दोघेही ब्रुअरांच्या घरचे. त्यांनी एक पोकळ हातकाठी करवून घेतली होती असं सांगतात. कारखाना दाखवणाऱ्याची पाठ फिरली की काठी टाकीत बुडवायची, रस काठीत भरायचा आणि मुक्कामावर जाऊन तपासायचा. लष्करी भाषेत याला टेहळणी म्हणतात! याच सेडलमायरकडून १८४५ साली कोपनहेगनच्या याकोब याकोबसेनने यीस्ट नेलं. टपाली घोडागाडीचा लांबलचक प्रवास, आणि तो दर थांब्यावर उतरून यीस्टच्या डब्यांवर गार पाणी ओतत होता अशी कथा आहे. त्या यीस्टवर त्याने कार्ल्सबर्ग उभी केली, आणि तिथल्याच प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने १८८३ साली एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं.

आता मुख्य पात्र. कार्ल लिंडे. म्युनिकच्या पॉलिटेक्निकमधला प्राध्यापक, १८४२ सालचा जन्म. रुडॉल्फ डिझेल याचाच विद्यार्थी. १८७०-७१ मध्ये लिंडेने यंत्राने थंडी कशी तयार करावी यावर लेख लिहिले, आणि ते वाचून बिअरवाले दारात आले. त्यांना बर्फाच्या मागे धावायचा कंटाळा आला होता. एखादा हिवाळा ऊबदार गेला की वर्षभराचा धंदा बसे. सेडलमायरने आपल्या स्पाटेन ब्रुअरीत प्रयोगाला जागा दिली.

तत्त्व सोपं आहे. स्पिरिट हातावर टाकलं की उडताना गार लागतं. असा चटकन उडणारा द्रव घ्यायचा, उडू द्यायचा, तो उडताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. मग ती वाफ पंपाने दाबायची, बाहेर गार करून परत द्रव करायची, पुन्हा उडवायची. कागदावर काहीच अडचण नाही. अडचण पंपात होती. पंपाचा दट्ट्या वायूच्या बंद कोठीत, आणि त्याला हलवणारं वाफेचं इंजिन बाहेर. दोघांना जोडणारा दांडा भिंतीतून आरपार जाणार, आणि तोही सतत मागेपुढे सरकत. त्या भोकातून वायू गळायचा. लिंडेच्या पहिल्या यंत्रात डायमिथाइल ईथर होता. गळती अडवायला त्याने पाऱ्याचा वापर केला, पण पाऱ्याने दाद दिली नाही. दुसऱ्या यंत्रात त्याने अमोनिया घेतला आणि दांड्याभोवतीच्या पॅकिंगमध्ये मध्ये पोकळी ठेवून तिच्यात ग्लिसरीन भरलं. हे जमलं. असं एक यंत्र ड्रेहरच्या त्रिएस्ते इथल्या ब्रुअरीत गेलं आणि १९०८ पर्यंत चालत राहिलं. तीस वर्षं! १८७९ साली लिंडेने प्राध्यापकी सोडून कंपनी काढली.

थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकांत लिंडेची आकृती असते, चक्र असतं, समीकरणं असतात. पॅकिंगचा उल्लेख सहसा नसतो. मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या कोअरमध्ये, आयुष्य काढलं. माझ्या मते लिंडेचा विजय त्या ग्लिसरीनच्या पोकळीत आहे. थंडी करणं इतरांनाही जमलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या जीलाँगचा पत्रकार जेम्स हॅरिसन १८५०च्या दशकातच ईथरवर बर्फ करत होता. पण रोज, वर्षानुवर्षं, न गळता चालणं ही वेगळी गोष्ट.

या काळात आपल्याकडे काय होतं? बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली 'टस्कनी' जहाजातून तिथल्या तळ्यांचा बर्फ कलकत्त्याला पाठवला. निघताना १८० टन, चार महिन्यांनी पोचला तेव्हा शंभरेक टन उरला होता. इन्सुलेशन म्हणजे लाकडाचा भुसा. पुढे मुंबईतही बर्फ उतरू लागला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, ही गोष्ट मुंबईकरांनी ऐकली असेल. चेन्नईत राहणाऱ्यांनी मरिनासमोरची ती गोलाकार इमारत पाहिली असेल, आज जिला विवेकानंदर इल्लम म्हणतात. ते ट्यूडरचं बर्फघर.

पण बर्फावर ब्रुअरी चालवणं परवडणारं नव्हतं, म्हणून ब्रुअरीच डोंगरावर गेली. एडवर्ड डायर नावाच्या इंग्रजाने कसौलीला, सहा हजार फुटांवर ब्रुअरी काढली. त्या उद्योगाचं साल १८५५ धरतात. पुढे बिअरचं काम पाण्यासाठी सोलनला हलवलं. कालका-शिमला गाडीने गेला असाल तर वाटेत 'सोलन ब्रुअरी' नावाचं स्टेशन लागतं, ते हेच. याच एडवर्ड डायरचा मुलगा रेजिनाल्ड, १९१९चा जालियनवाला बागवाला. कसौलीत माझी पोस्टिंग होती तेव्हा संध्याकाळी फिरताना ती जुनी दगडी इमारत दिसायची आणि माल्टचा वास यायचा. बाप बिअरची भट्टी लावतोय आणि पोरगं त्या आवारात खेळतंय, असं काहीसं मनात येऊन पाय रेंगाळायचे. असो, विषयावर येतो.

आता तारेकडे. थंडीच्या कोठीत तार कुणी आणि का नेली? तिची आजी एका शाळेत सापडते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. हिवाळ्यात दर थोड्या वेळाने शिपाई वर्गात शिरायचा, थर्मामीटर बघायचा आणि तळघरात जाऊन भट्टीची झडप कमीजास्त करायचा. शिकवण्यात व्यत्यय. जॉन्सनने खोलीत असं उपकरण लावलं की ठरावीक तापमान झालं की तारेतून वीज जाऊन तळघरात घंटी वाजेल. १८८३ साली त्याचं पेटंट निघालं. शिपाई आत यायचा थांबला, त्याच्याऐवजी तार बाहेर गेली. भाच्याच्या फ्रिजमध्ये नेमकं हेच चाललंय. दार उघडून बघायचं नाही, तारेने सांगायचं.

घरगुती फ्रिज यायला विसावं शतक उजाडलं. लिंडेच्या यंत्रांचे अमेरिकेतले हक्क शिकागोच्या फ्रेडरिक वुल्फकडे होते. त्याच्या मुलाने १९१३च्या सुमारास 'डोमेल्र' नावाचं यंत्र काढलं. ते आख्खा फ्रिज नव्हतं. घरात जी बर्फाची लाकडी पेटी असे, तिच्या डोक्यावर हे यंत्र बसवायचं आणि थंड करणारा भाग आत सोडायचा. म्हणजे पहिल्यावहिल्या घरगुती फ्रिजलाही पेटीला भोक पाडूनच सुरुवात! काही घरांत यंत्र तळघरात आणि पाइप फरशीतून वर स्वयंपाकघरात, अशी रचना असे.

पण लिंडेचा जुना शत्रू, दांड्याभोवतीची गळती, घरातही आला. आणि तेव्हाचे वायू म्हणजे अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड. कारखान्यात गळला तर माणसं बाहेर पळतात, झोपलेल्या कुटुंबाला ते जमत नाही. बर्लिनमधल्या एका कुटुंबाचा असा मृत्यू झाल्याची बातमी आइन्स्टाइनने वाचली. तो अस्वस्थ झाला आणि लिओ झिलार्ड या तरुण सहकाऱ्याबरोबर त्याने फ्रिजवर काम सुरू केलं, हलणारा दांडा नाही म्हणून सांधा नाही, सांधा नाही म्हणून गळती नाही, अशा फ्रिजवर. १९३० साली त्यांना अमेरिकन पेटंट मिळालं. त्यांचा फ्रिज बाजारात काही आला नाही.

बाजार जिंकला तो वेगळ्या युक्तीने. जनरल इलेक्ट्रिकने १९२७ साली 'मॉनिटर टॉप' आणला. डोक्यावर गोल डबा असलेला फ्रिज, जुन्या इंग्रजी सिनेमात दिसतो. त्यात मोटर आणि पंप दोन्ही एकाच पोलादी डब्यात घालून डबा कायमचा बंद करून टाकला. दांडा भिंतीतून जातच नाही. मग डब्याच्या भिंतीतून जातं काय? फक्त विजेच्या तारा. तार फिरत नाही, सरकत नाही, त्यामुळे तिच्याभोवती कायमचं सील करता येतं. आजही तुमच्या फ्रिजच्या मागे खाली काळा कॉम्प्रेसर आहे, त्याच्या बाजूचं झाकण काढलं तर पोलादातून बाहेर आलेल्या तीन पिना दिसतील आणि प्रत्येकीभोवती काचेचं कडं. काच वितळवून पोलादाशी एकजीव केलेली. झाकण काढून बघा असं मी म्हणत नाही, आत वीज आहे. पण पंधरा-वीस वर्षं तो वायू आत टिकतो तो त्या चिमूटभर काचेमुळे. भिंतीतून तार कशी न्यावी याचं इतकं निर्दोष उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

भारतात १९५८ साली गोदरेजने फ्रिज काढला. इंग्लंडमध्ये १९६३ साली रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्याने घरी बिअर करण्यावरचा परवाना रद्द केला. १८८०पासून तो लागत होता. विकायची मात्र आजही मुभा नाही, प्या आणि पाजा. अमेरिकेत कार्टर यांनी १९७८ साली सही केली. मग लाखो घरांत पिंपं आली, आणि शेजाऱ्याने टाकून दिलेला जुना फ्रिज गॅरेजमध्ये नेऊन त्यात ती ठेवायची चाल पडली. लिंडेचं यंत्र असं फिरून पुन्हा बिअरपाशी आलं.

तर, भाच्याचा काळा गोल. मी त्याला जे सांगितलं ते थोडक्यात सांगतो, कारण फ्रिजमध्ये तार न्यायची वेळ औषधांसाठी, दह्यासाठी, कुणालाही येऊ शकते. सेन्सरची तार बारीक असते. ती दाराच्या रबरी पट्टीखालून, बिजागरीच्या बाजूने नेली तर बहुतेक वेळा पट्टी तिला सामावून घेते. जाड केबल तिथून नेली की फट राहते, बाहेरची दमट हवा शिरते, आत पाणी साचतं. दुसरी वाट : आतल्या मागच्या भिंतीवर ओघळणारं पाणी ज्या छोट्या भोकातून कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत पडतं, ते भोक. कंपनीनेच पाडलेलं. त्यातून तार जाते, फक्त पाण्याला जागा ठेवायची. हीटरची केबल तिथून जाईल, पण तिच्या टोकाला इंग्लंडचा तो अगडबंब तीन पिनांचा प्लग. तो कापायचा, केबल ओवायची, नवा प्लग तीन अँपियरच्या फ्यूजसह बसवायचा. प्लगसाठी दोन इंचाचं भोक पाडणारे महाभाग आहेत.

आणि भिंत? जुन्या फ्रिजांची गरम जाळी पाठीवर उघडी असायची. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजांत ती दिसत नाही, कारण ते पाइप बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरवलेले असतात. भाच्याने मार्कर फिरवला होता तो नेमका अशाच भिंतीवर. शिवाय आता आत आयसोब्युटेन असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद. फिरतं ड्रिल, ठिणगी आणि ज्वालाग्राही वायू, पुढचं सांगत नाही.

तो म्हणाला, "मामा, पण तुला एवढं नक्की कसं माहीत?"

सांगतो. १९८६. राजस्थानातलं वाळवंट, मी कॅप्टन, अंगात गुर्मी. आमच्या भागात एका वैद्यकीय तुकडीकडे पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा फ्रिज होता. त्यात लसी आणि सापाच्या विषावरचं औषध. डॉक्टरांची रास्त तक्रार होती की तापमान बघायला दर वेळी झाकण उघडावं लागतं, बाहेर पंचेचाळीस अंश, आत गरम हवा जाते. बाहेर तबकडी आणि आत नळी, असा थर्मामीटर माझ्याकडे होता. म्हटलं, भिंतीला आठ मिलिमीटरचं भोक, पाच मिनिटांचं काम. माझ्याबरोबर केरळचे एक हवालदार होते, फ्रिज-एसीचं काम त्यांचंच. ते म्हणाले, "साब, पहले मशीन चलने दीजिए, फिर हाथ लगाके देखिए." मी म्हटलं, जाळी मागे असते, मला ठाऊक आहे. ते गप्प बसले. माझ्या खांद्यावर तीन तारे होते ना.

पेटीच्या फ्रिजला मागे जाळी नसते. चारी भिंतींत पाइप गुंडाळलेले असतात, बाहेरच्या पत्र्याखाली गरम, आतल्या पत्र्यामागे गार. ड्रिल दोन सेंटिमीटर गेलं आणि साप फुत्कारावा तसा आवाज आला. तेव्हाचा वायू पेटणारा नव्हता एवढंच नशीब. अर्ध्या मिनिटात फ्रिज म्हणजे नुसती पत्र्याची पेटी झाली. औषधं बर्फाच्या डब्यांत घालून जीपने साठ किलोमीटरवर पाठवली. नवा फ्रिज यायला अकरा दिवस लागले. साप निघायचे दिवस होते, जवान रात्री उघड्यावर झोपत. त्या अकरा रात्रींत कुणाला दंश झाला नाही. मला मात्र रोज तीन वाजता जाग यायची आणि बाहेर कुणी धावत येतंय का, याचा कानोसा घेत मी पडून राहायचो. चौकशीत मी सरळ लिहून दिलं की सल्ला मिळाला होता, मी मानला नाही. डॉक्टर नंतरही माझ्याशी नीट बोलत. हवालदारही. त्यांनी तो विषय कधीच काढला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागायचं.

हात लावून बघायचं म्हणजे काय, ते नंतर मी त्यांच्याकडूनच शिकलो. यंत्र वीस मिनिटं चालू द्यायचं, तळहात पत्र्यावर सपाट फिरवायचा. पाइप जिथे असेल तिथे कोमट रेघ लागते. शंका असेल तर पत्र्याला ओल्या फडक्याने स्पिरिट पुसायचं. पाइपांवरची जागा आधी सुकते, अख्खा नकाशा डोळ्यांपुढे उमटतो. आणि लक्षात ठेवा, भिंतीत आत दडलेला गार पाइप याने दिसेलच असं नाही. दारात मात्र सहसा वायूचे पाइप नसतात.

भाच्याने अखेर काय केलं? त्याने त्या फ्रिजला हात लावला नाही. कुणाकडून तरी पेटीचा जुना डीप फ्रीझर आणला. मी पुन्हा धास्तावलो. पण त्याने झाकणाच्या बिजागऱ्या सोडवल्या, झाकण आणि पेटी यांच्या मध्ये बसेल अशी लाकडी चौकट केली, पाच इंच उंचीची, आतून थर्मोकोल लावलेली, आणि तारांची भोकं त्या लाकडाला पाडली. यंत्राच्या अंगाला ओरखडाही नाही. तिकडे ही युक्ती बरीच रूढ आहे म्हणे. मला ती तोवर सुचली नव्हती. १९८६ साली चार फळ्या आणि एक सुतार माझ्याकडेही होता.

त्याने फोटो पाठवला. चौकटीतून दोन तारा आत गेलेल्या, भोवती सिलिकॉन, वर छोट्या पडद्यावर लाल आकडा, १८.२. ते हवालदार आता त्यांच्या गावी असतात, पंच्याहत्तरीच्या पुढचे. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, ओणम आणि दिवाळीला बोलणं होतं. मी फोटो त्यांना पाठवला, काही न लिहिता. तासाभराने उत्तर आलं, "साब, काम अच्छा है. बाएँ तार पे सिलिकॉन थोड़ा कम है."

मी फोटो मोठा करून पाहिला. डाव्या बाजूला खरंच केसाएवढी फट होती.